भिंतीवरचे दोन फोटो आणि १९४८ साल

जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने, शाळेच्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरलं. घरोघरच्या अल्बममधले जुने फोटो, गावातल्या जागांचे आजचे फोटो आणि म्हाताऱ्या माणसांचे चेहरे, असा सगळा ऐवज. चाळीसेक पॅनेलांपैकी वाद झाला तो एकावरच. त्यावर दोन फोटो होते. डावीकडे खाकी कपडे घातलेल्या आणि हातात काठ्या घेतलेल्या अकरा जणांचा जुना ग्रुप फोटो, उजवीकडे गावठाणातल्या आडाचा आजचा कृष्णधवल फोटो. खाली एकच ओळ : ‘रझाकारांची तुकडी, १९४८, आणि त्यांच्या अत्याचारांचा साक्षीदार आड.’

सनबोर्डवर छापायच्या आधी पॅनेलांच्या ए-फोर प्रती फोटो देणाऱ्या घरांना दाखवल्या गेल्या, म्हणून प्रकरण भिंतीवर जाण्याआधी उघडं पडलं. ग्रुप फोटो ज्या घरातून आला होता त्यांनी सांगितलं, यात आमचे दादा आहेत आणि हा शाळेतला फोटो आहे. दुसरीकडून आग्रह आला की ओळ आहे तशीच राहू द्या, आडात काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिसरं म्हणणं मोजक्याच मुसलमान कुटुंबांनी, तेही घरात बसवून सांगितलं : आडात माणसं टाकली हे खरं, पण ती पोलीस ॲक्शननंतर (म्हणजे सप्टेंबर १९४८च्या लष्करी कारवाईनंतर), आणि ती आमची होती.

त्या एका ओळीत चार विधानं होती. ही माणसं रझाकार आहेत. साल १९४८ आहे. या आडात अत्याचार झाला. आणि तो याच माणसांनी केला. चौथं विधान शब्दांत कुठेच नव्हतं. दोन फोटो शेजारीशेजारी लावल्यामुळे ते तयार झालं होतं. सगळ्यात घातक तेच होतं, कारण डावीकडच्या चेहऱ्यांची नातवंडं गावात राहतात.

मागची हकिकत थोडक्यात. भारतीय लष्कर १३ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थानात शिरलं. सोलापूरकडून आलेल्या मुख्य फळीने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ला निजामाच्या फौजेचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी भारतीय लष्कराचे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्याआधीच्या दोनेक वर्षांत लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी खेडी लुटली, जाळली, माणसं मारली. कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. लष्कर आल्यावर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने त्याच वर्षअखेरीस दौरा करून मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. हा आकडा आजही वादाचा आहे आणि अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नव्हता. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून समितीने जे चार जिल्हे सांगितले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे या गावात दोन्ही आठवणी एकमेकींना लागून राहतात. दोन्हींना खरा आधार असू शकतो आणि एक खरी ठरली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. फोटो लावणाऱ्याला हे आधी मनाशी पक्कं करावं लागतं, नाहीतर पुढचं सगळं तांत्रिक काम वाया जातं.

ग्रुप फोटोचं साल

घरच्यांनी फोटो देताना तोंडी सांगितलं होतं, ‘दादांचा शाळेतला’. गोळा करणाऱ्याने पावती भरली नाही, मोबाइलवर फोटोचा फोटो काढला आणि फाइल चार जणांमधून फिरली. शेवटच्या माणसाला दिसले ते खाकी कपडे आणि काठ्या. मथळा तिथे जन्मला. बहुतेक चुका अशाच होतात. खोटेपणाची गरज पडत नाही, पावती न भरणं पुरतं.

मूळ प्रिंट परत मागवून नीट स्कॅन केली गेली : ६०० पीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल), ४८ बिट रंगीत, टिफ. पोस्टकार्ड आकाराची, ९ × १४ सेंमीची प्रिंट अशी स्कॅन केली की फाइल सुमारे ४२ एमबीची होते. कृष्णधवल प्रिंटही रंगीतच स्कॅन करायची, कारण पिवळेपणा, शाईचे डाग आणि काळ्या भागांवर चढलेली चंदेरी झाक ग्रेस्केलमध्ये एकमेकांत मिसळून जातात. मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची. इथे तर सगळं मागेच होतं : स्टुडिओचा उर्दू रबरी शिक्का आणि त्याखाली शाईने लिहिलेलं साल, १३५७.

पहिल्या वाचनात हे साल फसली धरलं गेलं. तर्क वरवर ठीक होता, कारण निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसली सनात चालत. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदलतं. त्या हिशेबाने १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, ऐन रझाकारीचा काळ. मथळा पक्का झाला.

पण स्टुडिओवाला म्हणजे तहसील कचेरी नव्हे. तो हिजरी साल लिहू शकतो, आणि हिजरी १३५७ म्हणजे मार्च १९३८ ते फेब्रुवारी १९३९. एकच आकडा, दहा वर्षांचा फरक. सालापुढे एक लहानसं अक्षर असतं, त्यावरून सन ओळखता येतो : फसलीसाठी ‘फे’, हिजरीसाठी ‘दोचश्मी हे’. मोबाइलच्या फोटोत तिथे फक्त एक ठिपका दिसत होता. स्कॅनमधला निळा चॅनेल वेगळा काढून कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर (तपकिरी पडलेली शाई निळ्यात सगळ्यात गडद उठते) दोन डोळ्यांचं ‘हे’ स्पष्ट झालं. उर्दू अंक वाचताना आणखी एक सापळा असतो. सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे असतात, त्यामुळे प्रिंट उलटी धरली की एकाचं दुसरं होतं. आधी शिक्क्यातला मजकूर सुलटा करून घ्यायचा, मग आकडे वाचायचे, आणि वाचणारा उर्दूत वाढलेला हवा. अंकांचा तक्ता समोर ठेवून हे काम भागत नाही.

एका अक्षरावर साल ठरवायचं नाही म्हणून बाकीचे पुरावे तपासले गेले. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च अंधाऱ्या खोलीत प्रिंटवर मारला. कागद निळसर चमकला नाही. फोटोच्या कागदात चमक आणणारी रसायनं साधारण १९५०च्या दशकापासून आली, त्यामुळे चमकणारी प्रिंट त्यानंतरची, एवढं ठरतं. न चमकणारी प्रिंट १९३८ची की १९४८ची, हे मात्र ही चाचणी सांगू शकत नाही. अनेक जण इथे टॉर्चच्या निकालाला नको तितकं महत्त्व देतात. खरा आधार कपड्यांत आणि रजिस्टरात मिळाला. स्कॅन मोठं केल्यावर नऊ जणांच्या गळ्यात गाठ मारलेला स्कार्फ दिसला, दोघांच्या खांद्यावरून शिट्टीची दोरी गेलेली होती, काठ्या सगळ्या एकाच उंचीच्या होत्या आणि निम्मे चेहरे उघडच चौदा-पंधरा वर्षांचे होते. म्हणजे शाळेचं स्काउट पथक. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात दादांचं नाव फसली १३४७मध्ये हजर होतं, म्हणजे ऑक्टोबर १९३७ ते ऑक्टोबर १९३८. हिजरी १३५७शी हा काळ काही महिने एकमेकांवर येतो. साल १९३८ धरायला एवढं पुरे.

मग घरच्यांनी मागणी केली की मथळ्यात ‘हे रझाकार नव्हते’ असं लिहा. ती मान्य झाली नाही, आणि आमच्या मते ते बरोबर झालं. १९३८मध्ये शाळकरी असलेली मुलं १९४८मध्ये ऐन पंचविशीत होती. त्यांनी तेव्हा काय केलं, काय केलं नाही, हे या फोटोला माहीत नाही. फोटो आरोप सिद्ध करत नसेल तर तो निर्दोषत्वही सिद्ध करत नाही. घरच्यांना हे पटायला वेळ लागला. पुढे त्यांनीच ‘शाळेचं स्काउट पथक, १९३८’ एवढीच ओळ सुचवली.

कायद्याची बाजूही इथे होती. मृत व्यक्तीवर केलेला आरोपसुद्धा, ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि हेतू घरच्यांच्या भावना दुखावण्याचा असेल, तर बदनामी ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६च्या स्पष्टीकरणात हे आहे. दोन समाजांत वैर वाढवण्याचं कलम १९६ वेगळं. ओळखू येणारे चेहरे आणि खाली चुकीचा शिक्का, हा दोन्हींना आमंत्रण देणारा प्रकार.

आड कोणता?

आडाचा फोटो १६ मिमी लेन्सने, कठड्यावर वाकून, खाली तोंड करून काढलेला होता. आभाळ काळं पाडलेलं, दगडी बांधकाम आत ओढून घेतंय असं वाटायला लावणारं. फोटो म्हणून जोरदार. पण त्या जोरात फोटोग्राफरचं मत आधीच येऊन बसलं होतं, आणि कृष्णधवल केल्यामुळे आजचा आड १९४८चा वाटत होता. वादग्रस्त जागेचा फोटो भीतीदायक करणं फार सोपं असतं; म्हणूनच ते टाळायचं.

त्याहून मोठी अडचण लोकांशी बोलल्यावर समोर आली. मुलाखतींची पद्धत बदलण्यात आली. आधी फोटो दाखवून ‘इथे काय झालं?’ असं विचारलं जायचं. त्याने उत्तर आयतं मिळतं, कारण फोटोतला आड हाच तो आड, असं माणूस गृहीत धरतो. नव्या पद्धतीत पहिला प्रश्न ‘तेव्हा तुम्ही कुठे राहत होता, किती वर्षांचे होता?’, मग कोऱ्या कागदावर वेस, मशीद, पाटलाची गढी आणि पाण्याच्या जागा काढायला सांगायचं, आणि फोटो सगळ्यात शेवटी. प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची : स्वतः पाहिलं, घरी ऐकलं की गावात ऐकलं. आज हयात असलेला माणूस तेव्हा फार तर दहा-बारा वर्षांचा होता, त्यामुळे पहिली खूण क्वचितच पडते. वय पक्कं करायला ७२च्या दुष्काळात थोरला मुलगा केवढा होता, असा आधार घ्यायचा. जन्मतारखा बहुतेकांच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवलेल्या असतात.

कागदावरचे नकाशे शेजारी ठेवल्यावर दिसलं की लोक दोन वेगवेगळ्या जागा दाखवत होते. रझाकारीतल्या घटना सांगणारे वेशीजवळचा आड काढत. पोलीस ॲक्शननंतरचं सांगणारे गढीच्या मागची विहीर. दोघंही ‘आड’च म्हणत. फोटोतला आड वेशीजवळचा होता आणि दुसऱ्या जागी आज डांबरी रस्ता आहे.

ती दुसरी जागा नक्की करायला एका लग्नाच्या वरातीचा जुना फोटो कामी आला. ६ × ९ सेंमीचा कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच आकाराचा), बहुधा बॉक्स कॅमेऱ्याचा. वरातीच्या मागे विहिरीचा रहाट दिसतो. त्यात मशिदीच्या मिनाराची डावी कड गढीच्या बुरुजाच्या कोपऱ्याला बरोबर टेकलेली आहे. दोन स्थिर वस्तू अशा एका रेषेत आल्या की कॅमेरा त्या रेषेवर कुठेतरी असतो. उजवीकडे मंदिराचं शिखर आणि एका वाड्याची छपराची कड अशी दुसरी जोडी मिळाली. उपग्रह नकाशावर दोन रेषा ओढल्या, त्या जिथे छेदल्या ती कॅमेऱ्याची जागा. गावठाणात असा अंदाज दोन-तीन मीटरपर्यंत बरोबर येतो, वस्तू जवळच्या आणि लांबच्या मिळाल्या तर. दोन्ही लांबच्या असतील तर कॅमेरा बराच सरकला तरी त्या एका रेषेतच दिसतात आणि चूक खूप वाढते.

तिथे उभं राहूनही चित्र आधी जुळलं नाही. दोन कारणं होती. बॉक्स कॅमेरा कमरेशी धरून वरून बघतात, म्हणजे लेन्स जमिनीपासून मीटरभर उंच. आजचा कॅमेरा डोळ्याशी होता, त्यामुळे कठडा आणि मागची भिंत यांच्यातलं अंतर बदलत होतं. शिवाय लेन्स २८ मिमी लावलेली होती. अशा कॅमेऱ्याची १०५ मिमीच्या आसपासची लेन्स आजच्या फुल फ्रेमवर साधारण ४५ मिमीइतकी पडते. लेन्सने फक्त चौकट बदलते. वस्तूंची एकमेकींशी मांडणी जागेने आणि उंचीने ठरते. म्हणून आधी जागा, मग उंची, शेवटी लेन्स. हा क्रम मोडला की झूम फिरवत दिवस जातो. सेतवार आणि १९५४ची खासरा पाहणी या जुन्या जमीन-महसुली दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर विहिरीचा भूखंडही जुळला.

वेशीजवळच्या आडाचीही एक गोष्ट कळली. ७२च्या दुष्काळात तो खोल केला गेला आणि वरचे थर नव्याने बांधले गेले. ‘साक्षीदार’ म्हणून दाखवलेले दगड घटनेनंतर चोवीस वर्षांनी बसवलेले होते.

दोन्ही जागांचे फोटो नव्याने काढले गेले : ४५ मिमी, कॅमेरा दीड मीटरवर, क्षितिज सरळ, रंगीत, सकाळी साडेआठच्या आसपास. आडाच्या फोटोत पंपाचा पाइप, प्लास्टिकची घागर, नवं सिमेंट, सगळं येऊ दिलं. दुसऱ्या फोटोत रस्ता, एक पत्र्याची शेड आणि उभी दुचाकी. ‘यात काहीच दिसत नाही’ ही तक्रार आली, आणि ती खरी आहे. विहीर बुजवली गेली हेच त्या फोटोत दिसायला हवं.

मथळे

मधल्या काळात कोणीतरी तडजोड सुचवली होती : फक्त ‘गावातील जुना आड’ लिहा. दोन्ही बाजू त्यावर सारख्याच चिडल्या. गप्प बसणं तटस्थ वाटत नाही, लपवाछपवी वाटते. शेवटी प्रत्येक वादग्रस्त फोटोखाली तीन भाग आले आणि त्यांत सरमिसळ करायची नाही असं ठरलं. दुसऱ्या जागेचा मथळा असा झाला :

‘दिसतं : गढीमागचा रस्ता, आजचा. लग्नाच्या जुन्या फोटोत याच जागी रहाटाची विहीर आहे. रस्त्याच्या कामात ती बुजवली गेली. सांगतात : सप्टेंबर १९४८मध्ये लष्कर आल्यानंतर गावातल्या मुसलमान पुरुषांना मारून या विहिरीत टाकलं, असं तीन कुटुंबांत सांगितलं जातं. सांगणाऱ्यांपैकी कोणी ते स्वतः पाहिलेलं नाही. नोंद : या विहिरीचा उल्लेख असलेला कागद मिळालेला नाही. सुंदरलाल समितीच्या अहवालात या जिल्ह्यातल्या हत्यांचं वर्णन आणि प्रेतं टाकलेल्या विहिरींचा उल्लेख आहे, त्यात गावाचं नाव नाही.’

वेशीजवळच्या आडाखाली रझाकारीतली हकिकत याच मापाने, तितक्याच ओळींत. ओळींची संख्या सारखी ठेवणं बालिश वाटेल, पण लोक ती मोजतात. पुरावा मात्र सारखा दाखवायचा नाही. एकीकडे हुतात्मा स्मारकावर नाव कोरलेलं असेल आणि दुसरीकडे फक्त घरची आठवण असेल, तर तसंच लिहायचं. ‘कथित’ हा शब्द काढून टाकला गेला, कारण तो नेहमी दुसऱ्याच्याच दुःखापुढे लावला जातो.

गावांची-जिल्ह्यांची नावं त्या काळची आणि कंसात आजची : ‘उस्मानाबाद (आता धाराशिव)’. ‘लातूर जिल्हा, १९४८’ अशी चूक दोन पॅनेलांवर होती. लातूर वेगळा जिल्हा झाला तो १९८२मध्ये. मथळे मराठी आणि उर्दू दोन्हींत छापले. उर्दू मजकूर छापखान्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमाने लागतात, म्हणून आउटलाइन केलेली (अक्षरांच्या आकृत्या करून टाकलेली) पीडीएफच द्यायची आणि पहिली प्रिंट उर्दू वाचणाऱ्याने बघितल्याशिवाय पुढचं छापायचं नाही.

मांडणीत ग्रुप फोटो शाळेच्या पॅनेलवर गेला, मुलांच्या जुन्या फोटोंमध्ये. दोन पाणवठे एका पॅनेलवर आले, एकावर एक. शेजारीशेजारी लावले असते तर डावीकडचं आधीचं आणि उजवीकडचं त्याचं उत्तर, असं वाचलं गेलं असतं. हा क्रम काळाच्या दृष्टीने बरोबर असला तरी ‘त्यांनी केलं म्हणून यांनी केलं’ हे समर्थन त्यात आयतं तयार होतं. वर-खाली लावूनही ते पूर्ण टळलं नाही. एका घराने आपला फोटो काढून घेतला. ती जागा रिकामी न ठेवता पॅनेलच रद्द झालं, कारण रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून कोणाचा फोटो होता ते सांगायला गावात वेळ लागत नाही.

संमती दोनदा घ्यावी लागते, हे इथे नियम म्हणून लागू झालं : एकदा फोटो घेताना, एकदा छापील मथळा वाचून दाखवल्यावर. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रती वेगळ्या करायच्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की फाइलमध्ये भरलेली माहिती गळून पडते, त्यामुळे मथळा चित्रातच हवा. १२०० पिक्सेल रुंद जेपेग, खाली पांढरी पट्टी आणि पट्टीत तिन्ही भाग. पट्टी कापता येते, म्हणून फोटोच्या आत खालच्या कडेला साल आणि ‘आजचा फोटो’ एवढं बारीक अक्षरात घातलं. मूळ फाइलमधलं जीपीएस काढून टाकलं.

आडाच्या फोटोची मोठी, पट्टी नसलेली फाइल प्रदर्शनानंतर दोन्ही बाजूंच्या लोकांनी मागितली, एकाने बॅनरसाठी, दुसऱ्याने व्हिडिओसाठी. दोघांनाही पट्टीसकट जेपेगच देण्यात आलं. पहिला १६ मिमीचा फोटो पुसलेला नाही. तो मूळ मथळ्यासकट, ‘वापरू नये, कारण सोबत’ अशा नोंदीने, पावत्या आणि मुलाखतींच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे.